कॅनडाच्या उत्तरेतल्या सरकारी शाळांत 'ईए' नेमकं काय करतात?

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडाने कायम वास्तव्यासाठीच्या 'एक्स्प्रेस एंट्री' योजनेत शिक्षण क्षेत्राचा नवा गट घातला. त्यात शिक्षक आहेत, बालवाडीताई आहेत आणि कॅनडाच्या कामांच्या सरकारी यादीतल्या ४३१०० या क्रमांकाखाली आणखी एक काम आहे: शाळेतले शिक्षक-सहायक. तिकडच्या बोलीत 'एज्युकेशनल असिस्टंट', आणि शाळेच्या आवारात सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'ईए'. ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेतल्या सडबरी, नॉर्थ बे, टिमिन्स, थंडर बे या गावांत गेल्या काही वर्षांत शिकायला आणि नोकरीला आलेली मराठी मुलं-मुली बरीच आहेत. त्यांच्यात आणि इकडे पुण्या-नाशकात बसून अर्ज भरणाऱ्यांत आता हाच प्रश्न फिरतो आहे: हे ईए म्हणजे कोण? बी.एड. लागतं का? की शाळेतल्या मावशींचंच काम, फक्त डॉलरमध्ये?

प्रश्न रास्त आहे. पण या कामाची माहिती बहुतेक वेळा 'पीआर (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना) मिळतो का' इथे सुरू होते आणि तिथेच संपते. ज्या मुलांसाठी हे काम आहे ती त्या माहितीत कुठेच नसतात. म्हणून मुलांपासूनच सुरुवात करू.

## आधी शाळेची रचना

आपण 'बोर्ड' म्हटलं की दहावी-बारावीची परीक्षा डोळ्यांसमोर येते. कॅनडात स्कूल बोर्ड म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक संस्था. शिक्षक नेमणं, इमारती, बस, बजेट हे सगळं तिच्याकडे. पैसा मात्र प्रांताच्या सरकारकडून येतो. ओंटारिओ प्रांतात अशी ७२ बोर्डं आहेत: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. चारही प्रकारांना सरकारी पैसा मिळतो.

उत्तर ओंटारिओ म्हणजे प्रांताची जवळजवळ नव्वद टक्के जमीन आणि सहा टक्क्यांच्या आसपास माणसं. टिमिन्सहून टोरांटो गाठायचं तर सुमारे ७०० किलोमीटर गाडी हाकावी लागते. या अंतराकडे लक्ष ठेवा. ईएचं काम दक्षिणेपेक्षा उत्तरेत वेगळं का होतं, त्याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

१९८० साली ओंटारिओने 'बिल ८२' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. मूल कसंही असो, त्याला शिकवण्याची जबाबदारी त्याच्या भागातल्या सरकारी शाळेची, असं त्याने ठरवून टाकलं. त्याआधी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून मुलाला दारातून परत पाठवता येत असे. आज स्वमग्न मूल, व्हीलचेअरवरचं मूल, न बोलणारं मूल, संतापाचा झटका आला की बाकं उलटी करणारं मूल अशी सगळी नेहमीच्याच शाळेत असतात, आणि बहुतेक जण नेहमीच्याच वर्गात. अशा मुलासाठी शाळा एक लेखी आराखडा करते. त्यात त्याला काय जमतं, काय जमत नाही, या वर्षी काय साधायचं आणि त्यासाठी काय सोयी द्यायच्या हे असतं. त्याचं नाव आयईपी. तो लिहिण्याची आणि त्याची जबाबदारी शिक्षकाची. तो रोजच्या रोज मुलाच्या शेजारी बसून, उभं राहून, कधी जमिनीवर मांडी ठोकून प्रत्यक्षात आणणारा माणूस म्हणजे ईए.

## मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं

कामाच्या वर्णनात 'विद्यार्थ्याला दैनंदिन कौशल्यांत साहाय्य' असं कोरडं वाक्य असतं. ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू.

समजा, जानेवारी आहे, बाहेर उणे अठरा. पहिलीतला एक मुलगा स्वमग्न आहे, फारसं बोलत नाही. घंटा होते. बाहेर जायचं तर आधी स्नोपँट, मग बूट, मग जाड जॅकेट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हा क्रम चुकवून चालत नाही. बूट आधी घातले तर पँट चढत नाही, मोजे आधी घातले तर जॅकेटची चेन ओढता येत नाही. ईएने खुंटीशेजारी भिंतीवर या पाच वस्तूंची चित्रं ओळीने लावलेली आहेत. ती काही न बोलता पहिल्या चित्रावर बोट ठेवते आणि थांबते. मुलगा पँटकडे बघतो, छताकडे बघतो. ती थांबलेलीच आहे. तो पँट उचलतो. चेनपाशी अडतो. ती खालचं टोक अडकवून देते, वर ओढायचं त्याच्यावर सोडते. तोवर बाकीचा वर्ग केव्हाच बाहेर पळालेला असतो आणि सुट्टीतली सहा-सात मिनिटं गेलेली असतात.

तिने स्वतःच सगळं चढवून दिलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मग दहावीतही कुणीतरी चढवूनच द्यावं लागलं असतं. ती जी थांबते, ते तिचं कौशल्य आहे. त्याला प्रशिक्षण लागतं आणि मनाची फार ताकद लागते, कारण मागून कुणीतरी सतत 'लवकर आटपा' म्हणत असतं.

बाहेर गेल्यावर पुढचा प्रश्न. हा मुलगा टॅब्लेटवरच्या चित्रांना हात लावून बोलतो. चित्र दाबलं की यंत्र शब्द उच्चारतं. थंडीत बॅटरी पटकन उतरते आणि जाड मोजा घातलेलं बोट पडद्याला कळत नाही. म्हणून ईएच्या जॅकेटला प्लास्टिकचं आवरण घातलेला एक साधा चित्रतक्ता अडकवलेला असतो: 'झोका', 'थंडी', 'नको', 'शू', 'अजून'. तो तक्ता जवळ नसला तर मुलगा मैदानावर मुका होतो. शूला लागली हे सांगता न आल्याने तो ओरडतो, ढकलतो, आणि संध्याकाळी घरी चिठ्ठी जाते की आज वागणूक बरी नव्हती.

याशिवाय दिवसात बरंच काही असतं. डायपर बदलणं, पाळणायंत्राने मुलाला व्हीलचेअरवरून उचलून ठेवणं, नळीवाटे अन्न देणं, फिट आली तर ठरलेल्या सूचनांप्रमाणे वेळ मोजणं. पेन धरता न येणाऱ्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घेणं. गोंगाट असह्य झालेल्याला झटका येण्याच्या आधीच हेरून शांत खोलीत नेणं. आणि रोज नोंद ठेवणं, म्हणजे काय घडलं, त्याच्या आधी काय झालं होतं, कशाने शांत झाला.

## म्हणजे ही आयाच की!

यात शू-शीचं काम आहे, तेव्हा ही शंका येणारच. आपल्याकडे ते काम हलकं मानायची सवय आहे आणि त्यामुळेच हे समजून घेताना आपण अडखळतो. आयाने मूल स्वच्छ ठेवलं की तिचं काम झालं. ईएला त्याच पाच मिनिटांत मुलाला शिकवायचं असतं: पँट खाली कर, नळ सोड, साबण घे. पुढच्या वर्षी त्यातली एक पायरी त्याने एकट्याने करावी म्हणून.

घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात. काँक्रीट पुरेसं घट्ट होण्याआधी ते काढलं तर स्लॅब खाली येतो. कधीच काढलं नाही, तर ती खोली राहायला मिळत नाही. कुठला टेकू केव्हा काढायचा हे ज्याला कळतं तो खरा मिस्त्री. ईएचं बरंचसं शहाणपण हेच. चांगली ईए वर्षाच्या शेवटी मुलापासून चार पावलं लांब उभी दिसते. न कळणाऱ्याला वाटतं, ही नुसती उभी आहे.

मुंबई-पुण्यातल्या काही खासगी शाळांत 'शॅडो टीचर' असतात, त्यांच्याशीही याची गल्लत होते. तिथे बहुतेक वेळा पालक पगार देतात आणि ती व्यक्ती त्यांच्या एकाच मुलाची असते. ईए बोर्डाची कर्मचारी असते, पालक एक पैसा देत नाहीत. आणि ती एका मुलाच्या नावावर क्वचितच असते.

## मग प्रत्येक मुलाला एक ईए का देत नाहीत?

माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथे आहे. कायदा मुलाला शिक्षणाचा हक्क देतो. ईए मिळण्याचा हक्क देत नाही. आयईपीत 'मोठ्यांच्या मदतीची गरज' असं लिहिलेलं असू शकतं, पण ती मदत किती तास, कोणाची, एकट्याची की तिघांत वाटून, हे बोर्डाच्या बजेटवर ठरतं. बोर्ड ईए देतं ते शाळेला. मग मुख्याध्यापक सकाळी वेळापत्रक मांडतात: ही बाई नऊ ते साडेदहा पहिलीत, मग चौथीतल्या मुलीच्या जेवणाला, दुपारी सहावीत.

त्यातली एक आजारी पडली की सगळं वेळापत्रक कोसळतं. बदली माणूस मिळाला नाही, तर ज्याला सोडून जाणं धोक्याचं आहे त्याच्याकडे ईए जाते. यात एक क्रूर हिशेब आपोआप होतो. जे मूल मारतं, पळून जातं, त्याला माणूस मिळतो. जी मुलगी गप्प बसते, काहीच कळत नसताना मान डोलावते, तिची मदत सगळ्यात आधी कापली जाते. त्यात कुणाची दुष्टबुद्धी नसते, माणसं कमी असतात. पण नुकसान त्या मुलीचं होतं आणि ते कुठल्याही नोंदीत येत नाही.

चोवीस तास चिकटलेली ईए देणं हेही मुलाच्या हिताचं नाही, हे मात्र खरं. मग इतर मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, शिक्षक सगळं ईएवर सोपवून मोकळे होतात आणि मूल तिच्याशिवाय हलेनासं होतं. पण ही अडचण पुरेशी माणसं असलेल्या शाळेची. तिचं कारण सांगून माणसं कमी करणं ही पळवाट झाली.

## उत्तरेत काय वेगळं?

टोरांटोजवळच्या शाळेत ईए अडली तर वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर असतात. उत्तरेत तेच तज्ज्ञ ठरावीक दिवशी लांबून येतात किंवा व्हिडिओवर भेटतात, आणि मुलाच्या तपासणीसाठीच रांग लावावी लागते. मधल्या काळात तज्ज्ञाने सांगितलेले व्यायाम, शब्दांचा सराव, वागणुकीचा आराखडा हे सगळं राबवते ती ईए. कागदावर ती सहायक असते. प्रत्यक्षात त्या मुलाला सगळ्यात जास्त ओळखणारी शाळेतली व्यक्ती तीच असते.

हवामानही आहे. बर्फाळ सकाळी बस रद्द होतात, पण शाळा बहुधा उघडीच राहते. ज्यांना आई-बाप गाडीने सोडू शकतात ती मुलं येतात, कर्मचाऱ्यांनी यायचंच असतं. पारा ठरावीक आकड्याच्या खाली गेला की (आकडा बोर्डागणिक बदलतो) मधली सुट्टी वर्गातच. दिवसभर न धावलेली मुलं, बंद खोली, आवाज. असे दिवस ईएसाठी सगळ्यात अवघड.

आणि उत्तरेतल्या शाळा समजायच्या तर तिथले मूळ लोक समजून घ्यावे लागतात. क्री, ओजिबवे, ओजी-क्री अशा समाजांना मिळून 'फर्स्ट नेशन्स' म्हणतात. टिमिन्स किंवा थंडर बेच्या वर्गात ही मुलं मोठ्या संख्येने असतात. कॅनडाने शंभराहून अधिक वर्षं यांच्या मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत कोंडलं, भाषा बोलली तर मारलं. त्यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. आजच्या मुलांचे आजी-आजोबा त्या शाळांतून गेलेले आहेत. शाळेतून फोन आला की आजीचा आवाज का बदलतो, पालकसभेला कुणी का येत नाही, याचं उत्तर आळसात शोधू नये. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने हे शिकल्याशिवाय त्या वर्गात पाऊल टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

## पैसे कोण देणार, या वादातून जन्मलेलं तत्त्व

मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनमधल्या एका कुटुंबात १९९९ साली जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचा मुलगा जन्मला. त्याचा आजार गुंतागुंतीचा होता. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च प्रांताने करायचा की केंद्राने, यावर दोन्ही सरकारं वाद घालत बसली. फर्स्ट नेशन्सच्या राखीव वस्त्यांवरच्या सेवा केंद्राकडे आणि इतर सगळ्यांच्या प्रांताकडे, अशी तिथली विभागणी आहे. दोन वर्षांहून जास्त काळ मूल विनाकारण रुग्णालयात राहिलं आणि २००५ साली, पाच वर्षांचं असताना, तिथेच गेलं.

डिसेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेने 'जॉर्डनचं तत्त्व' मान्य केलं: फर्स्ट नेशन्सच्या मुलाला गरज असेल तर ज्या सरकारकडे आधी मागणी जाईल त्याने ती पुरवावी, हिशेब नंतर करावा. २०१६ साली मानवी हक्क न्यायाधिकरणाने केंद्र सरकार हे नीट पाळत नसल्याचा निकाल दिला. त्यानंतर या तत्त्वाखाली बरेच पैसे मंजूर होऊ लागले आणि त्यातून अनेक सरकारी शाळांत ईएंचे पगार निघू लागले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने नियम आवळले. राखीव वस्तीबाहेरच्या, प्रांताच्या शाळांमधल्या मदतीसाठी आता प्रांताकडे जा, असं त्यांचं म्हणणं. प्रांत म्हणतात, आमच्या बजेटमध्ये ही तरतूद नव्हती. सास्काचेवानसारख्या प्रांतांत बोर्डांना ईए कमी करावे लागले. ज्या भांडणात जॉर्डन गेला, तेच भांडण मुलांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून पुन्हा चालू आहे. दोन्ही बाजूंची कागदपत्रं तर्कशुद्ध असतील, पण मला यात कुठलीच बाजू समर्थनीय वाटत नाही.

## पगार खरंच इतका कमी आहे?

आहे. २०२२ साली ओंटारिओतल्या शाळांचे सुमारे ५५,००० कर्मचारी कराराच्या वाटाघाटीत होते. ईए, सफाई कामगार, कार्यालयीन कर्मचारी असे सगळे कूपी या संघटनेचे सभासद. त्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न ३९,००० डॉलर असल्याचं संघटना सांगत होती. सरकारने कायदा करून करार लादला आणि संपाला बंदी घातली. न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून राज्यघटनेतलं हक्क बाजूला ठेवण्याचं कलमही वापरलं. दंड होता माणशी दिवसाला ४,००० डॉलरपर्यंत. तरी ४ नोव्हेंबरला कर्मचारी रस्त्यावर उतरले. इतर संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि तीनच दिवसांनी मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी कायदा मागे घेण्याचं जाहीर केलं. अखेर तासाला दरवर्षी एक डॉलर वाढ असा चार वर्षांचा करार झाला. त्याची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतची आहे.

उत्तर अल्बर्टातलं फोर्ट मॅकमरे हे तेलवाळूच्या खाणींचं गाव, तिथे मराठी इंजिनिअरही आहेत. त्याच गावात नोव्हेंबर २०२४ पासून ईए आणि इतर शाळा-कर्मचाऱ्यांचा संप चालला. अल्बर्टातल्या ईएचा सरासरी पगार वर्षाला ३४,५०० डॉलरच्या आसपास असल्याचं संघटनेने सांगितलं होतं. खाणीवर ट्रक चालवणारा शेजारी कितीतरी जास्त कमावतो आणि घरभाडं दोघांना सारखंच.

'पण दहा महिनेच काम, रोज सहा-सात तास, मग पगार कमी असणारच' असं म्हटलं जातं. ते गणित बरोबर आहे. पण दहा महिन्यांच्या पगारात बारा महिने पोट भरायचं असतं. म्हणून बऱ्याच ईए संध्याकाळी दुकानात किंवा वृद्धाश्रमात दुसरी नोकरी करतात, उन्हाळ्यात बेकारी-विम्यासाठी अर्ज करतात. दिवसभर दुसऱ्याच्या मुलाचा तोल सांभाळायच्या कामावर थकलेला माणूस पाठवायचा, असा याचा अर्थ होतो.

मारहाणीचंही बोलायला हवं. चावे, ओरखडे, लाथा हे ईएंच्या वाट्याला नेहमी येतं. काही जणी हातावर जाड संरक्षक बाह्या घालून काम करतात. मूल दुष्ट असतं म्हणून नव्हे. सांगता येत नाही, सहन होत नाही, आणि जवळ असते ती हीच. प्रत्येक घटनेची लेखी नोंद करावी. 'लहान आहे, जाऊ दे' म्हणून नोंद टाळली की शाळेला जादा माणूस मागायला पुरावाच उरत नाही, आणि पुढच्या वेळी मुलालाच घरी बसवलं जातं.

## आपल्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल तर

बी.एड. लागत नाही. ओंटारिओतली बोर्डं साधारणपणे दोन वर्षांचा कॉलेज डिप्लोमा मागतात, शैक्षणिक साहाय्य, बाल-युवा संगोपन किंवा विकासात्मक सेवा अशा विषयांतला. दुर्बल घटकांसोबत काम करण्यासाठीची खास पोलीस पडताळणी आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. भारतात विशेष शिक्षक म्हणून केलेलं काम मुलाखतीत नक्की सांगा. समग्र शिक्षा अभियानात शाळा-शाळा फिरून केलेलं काम तर उत्तरेतल्या अंतरांशी बरंच जुळणारं आहे.

वर्क परमिटवर असाल तर त्यावरचा बारीक मजकूर वाचा. इमिग्रेशनची वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर खुल्या परमिटवरही शाळा, पाळणाघर आणि आरोग्यसेवेत काम करायला मनाई असल्याची ओळ छापलेली असते. तपासणी करून घेऊन ती अट काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो. नोकरी हातात आल्यावर हे कळलं तर फार पंचाईत होते.

सुरुवात बहुधा बदली यादीवर होते. सकाळी सहाला फोन येतो, आज अमुक शाळेत जा. कधी आठवड्यात चार दिवस, कधी एकही नाही. कायम जागा सेवाज्येष्ठतेने मिळते. उत्तरेत माणसं कमी असल्याने ती दक्षिणेपेक्षा लवकर मिळू शकते, पण पहिल्या वर्षी महिन्याचा ठरलेला पगार धरून घरभाड्याचा करार करू नका. गाडी आणि बर्फाचे टायर यांचा खर्च आधी धरा, कारण सहाच्या फोननंतर आठला पोचायची शाळा चाळीस किलोमीटरवर असू शकते. आणि नव्या शाळेत पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी मागून घ्या: आज ज्या मुलांसोबत आहात त्यांची सुरक्षा-योजना, त्यांची औषधं आणि अॅलर्जीची माहिती, आणि जे मूल बोलत नाही त्याचा चित्रतक्ता कुठे ठेवलेला असतो.